प्रवासाची शर्यत आणि मुक्या जनावरांचा न्याय

परदेशाचें दर्शन घडविण्याचीं साधनें काळानुसार बदलत आलीं आहेत. पूर्वी यात्रेकरू पायीं जाई आणि परत आल्यावर पाहिलेलें चार लोकांना सांगे. पुढें प्रवासवर्णनें छापलीं जाऊं लागलीं, त्यानंतर चलच्चित्रें आलीं, आणि आतां दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सारें जग घरबसल्या पाहावयास मिळतें. ह्या शेवटच्या साधनांतून एक नवाच प्रकार निघाला आहे. त्यांत प्रवास ही शर्यत असते, प्रवासी हे स्पर्धक असतात, आणि ज्या देशांतून ते धांवतात त्या देशांतील शेत, बाजार, नदी आणि देऊळ हीं त्या शर्यतीचीं मैदानें होतात. ह्या प्रकाराला 'रिअ‍ॅलिटी शो' असें म्हणतात. लिहिलेलीं भाषणें पाठ न करतां, प्रसंग ओढवेल तसें सामान्य माणसांनीं वागावें आणि तें जगानें पाहावें, असा हा खेळ आहे. ह्या खेळांत माणसांबरोबर जनावरेंहि ओढलीं जातात. आणि तीं ओढलीं गेलीं कीं दयेविषयींच्या निरनिराळ्या समाजांच्या कल्पना एकमेकींवर आदळतात. हें भांडण नेमकें कशाचें, आणि त्याचा निवाडा कोणत्या मापानें करावा, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

अशा कार्यक्रमांत 'द अमेझिंग रेस' हा अमेरिकन कार्यक्रम विशेष प्रसिद्ध आहे. सीबीएस ह्या संस्थेनें तो सन २००१ च्या सप्टेंबर महिन्यांत सुरू केला. त्याची रचना साधी आहे. दोन-दोन माणसांच्या जोड्या एका ठिकाणाहून निघतात, देशोदेशीं फिरतात, वाटेंत त्या त्या देशांतील कांहीं कामें पार पाडतात, आणि जी जोडी अखेरच्या मुक्कामीं प्रथम पोंचते तिला दहा लक्ष डॉलरांचें बक्षीस मिळतें. मधल्या मुक्कामांना सर्वांत मागें राहणारी जोडी बहुधा गळते. कामें अशीं निवडलेलीं असतात कीं त्यांतून त्या देशाचें जीवन दिसावें. कोठें ओझीं वाहावयाचीं, कोठें अपरिचित अन्न खावयाचें, कोठें शेतांत राबावयाचें. जगाच्या पुष्कळ भागांत शेती आणि वाहतूक अजूनहि कांहीं अंशीं जनावरांच्या बळावर चालते; तेव्हां तेथील जीवन दाखवावयाचें म्हटलें कीं बैल, उंट, गाढव, हत्ती, बदकें हीं आपोआप पडद्यावर येतात. योजकांचा हेतु दुष्ट असतो असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु शर्यतीची घाई आणि जनावराची चाल ह्यांचा मेळ क्वचितच बसतो.

ह्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण सन २००४ मध्यें दाखविलेल्या पांचव्या मालिकेंतील आहे. स्पर्धक त्या वेळीं फिलिपाइन्स देशांत पोंचले होते. तेथें त्यांच्यापुढें दोन कामें ठेवण्यांत आलीं, आणि त्यांपैकीं एक निवडावयाचें होतें. एक काम बदकांचा मोठा कळप एका आवारांतून दुसऱ्या आवारांत हांकून नेण्याचें. दुसरें काम, पाणी भरलेल्या भातखाचरांत नांगर धरून, चिखलांत दडविलेला दोर नांगराला लागेपर्यंत तास घालीत राहण्याचें. नांगराला तेथील जनावर जुंपलेलें होतें. एका तरुण स्पर्धकानें हें दुसरें काम पत्करलें. दोर कांहीं केल्या सांपडेना, वेळ चालला, जनावर जागचें हलेना; तेव्हां तो संतापून ओरडला कीं, 'माझा बैल मोडला आहे.' हें वाक्य इतकें गाजलें कीं सन २००६ मध्यें ह्या कार्यक्रमाविषयीं जें एक इंग्रजी पुस्तक निघालें, त्याचें नांवच तें ठेवण्यांत आलें.

ह्या लहानशा वाक्यांत सबंध भांडणाचें बीज आहे, म्हणून तें उकलून पाहणें अवश्य आहे. पहिली गोष्ट ही कीं, तो बैल नव्हताच. तें काराबाओ नांवाचें, म्हशीच्या जातीचें जनावर होतें. महाराष्ट्रांतील म्हशी नदीकांठच्या प्रकारांत मोडतात, काराबाओ दलदलीच्या प्रकारांत मोडतें. दोहोंच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्याहि अनुक्रमें ५० व ४८ अशी भिन्न आहे. ह्या जातीच्या जनावरांची कातडी काळी आणि जाड असते, घाम आणणाऱ्या ग्रंथी गाईबैलांच्या मानानें फार थोड्या असतात, आणि त्यामुळें उन्हाचा ताप त्यांना लवकर चढतो. अंगाची आग शमविण्याचा त्यांचा मुख्य उपाय म्हणजे चिखलांत किंवा पाण्यांत डुंबणें. कोंकणांत भातखाचरें रेड्यांनीं नांगरणाऱ्या शेतकऱ्याला हें कोणीं शिकवावें लागत नाहीं. तो ऊन चढण्याच्या आधीं जूं ठेवतो, उन्हें तापलीं कीं जनावर सोडतो आणि त्याला डोहांत बसूं देतो. जनावर थांबलें तर त्याला काय होत आहे हें त्याच्या कानांवरून आणि श्वासावरून त्याला कळतें. परक्या माणसाला ही भाषा येत नाहीं. त्याच्या हातीं कासरा असतो, पण ओळख नसते.

दुसरी गोष्ट 'मोडला' ह्या शब्दाची. मोडतें तें यंत्र. जनावर थकतें, अडतें, बसतें, प्रसंगीं रुसतेंसुद्धां. पण तें मोडत नाहीं. स्पर्धकाच्या मनांत क्रौर्य होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच्या मनांत त्या वेळीं फक्त शर्यत होती, आणि शर्यतींत जें जें हातीं येतें तें साधन होतें. हातांतली मोटार बंद पडावी आणि माणूस चिडावा, तसा तो चिडला. जिवंत प्राण्याचें हें साधन होणें, हाच ह्या प्रकरणाचा गाभा होय.

आतां त्याच जनावराकडे फिलिपाइन्समधील शेतकरी कोणत्या दृष्टीनें पाहतो तें पाहूं जातां चित्र अगदीं निराळें दिसतें. काराबाओ त्या देशांत कष्टाळूपणाचें प्रतीक मानलें जातें. बुलाकान प्रांतांतील पुलिलान ह्या गांवीं मे महिन्याच्या मध्यास शेतकऱ्यांचा संत मानलेल्या सान इसिद्रो ह्याचा उत्सव असतो. त्या वेळीं काराबाओंना न्हाऊं-माखूं घालून सजवितात आणि त्यांची मिरवणूक चर्चपर्यंत नेतात. महाराष्ट्रांतील श्रोत्यांना येथें पोळ्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. शिंगें रंगविलेला, पाठीवर झूल घातलेला आणि त्या दिवसापुरता जुंवांतून मोकळा झालेला बैल दारीं येतो, आणि घरची गृहिणी त्याला ओंवाळून पुरणपोळीचा घांस देते. वर्षभर राबविणें आणि एक दिवस पूजणें ह्यांत शेतकऱ्याला विसंगति दिसत नाहीं, कारण दोन्ही एकाच नात्याचीं अंगें आहेत. बैल आजारी पडला तर पेरणी बुडते, आणि पेरणी बुडली तर घर उपाशी राहतें. अशा ठिकाणीं दया ही केवळ भावना नसते. ती घराच्या पोटाशीं बांधलेली असते.

तथापि ह्यावरून देशी रीत सर्वस्वीं निर्दोष आणि परकी दृष्टि तेवढी दूषित, असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल. पुलिलानच्या त्या उत्सवांत जनावरांना चर्चपुढें गुडघे टेकावयास लावतात, आणि ह्या प्रथेवर प्राणिमित्रांनीं आक्षेप घेतलेले आहेत. फिलिपाइन्सनें सन १९९८ मध्यें प्राणिकल्याणाचा कायदा केला आणि सन २०१३ मध्यें त्यांतील शिक्षा वाढविल्या. कोणतीं जनावरें मारतां येतील ह्याची त्या कायद्यांत यादी आहे. गुरें, डुकरें, शेळ्यामेंढ्या, कोंबडीं, घोडे ह्यांबरोबर काराबाओचेंहि नांव त्यांत आहे, कुत्र्याचें नाहीं. परंतु धर्मविधि किंवा आदिम जमातींचा परंपरागत आचार म्हणून होणाऱ्या वधास त्यांत अपवादहि ठेविला आहे. भारताचा सन १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा ह्याच पेंचांतून गेला आहे. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमानें धर्माला आवश्यक असलेल्या रीतीनें केलेला वध गुन्ह्याच्या बाहेर ठेविला. तात्पर्य, कोणत्याहि समाजांत ह्या विषयावर एकच मत नसतें. जें भांडण दोन देशांमध्यें दिसतें, तेंच भांडण प्रत्येक देशाच्या घरांत आधींपासून चाललेलें असतें.

मुंबई शहराच्या इतिहासांत ह्याचा एक बोलका दाखला आहे. इंग्लंडमध्यें गुरांना क्रूरपणें वागविण्याविरुद्ध सन १८२२ मध्यें कायदा झाला, आणि सन १८२४ मध्यें लंडन येथें प्राणिक्लेशनिवारक संस्था निघाली. त्याच इंग्रजांच्या राज्यांत, सन १८३२ च्या जून महिन्यांत, मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याची मोहीम सरकारनें चालविली. तेव्हां कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी लोक खवळून उठले, इतर समाजांतील लोकहि त्यांस मिळाले, आणि शहरांत दंगा झाला. पुढें सन १८३४ मध्यें सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह ह्यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. ह्या प्रसंगीं दयाळू कोण आणि निर्दय कोण? इंग्रज अधिकाऱ्याला रस्त्यांतील कुत्रें हा उपद्रव वाटत होता. पारशाला तो घराचा व आत्म्याचा रक्षक वाटत होता. ज्याला ज्या प्राण्याशीं नातें, त्याला त्या प्राण्याची दया. दया सर्वत्र आहे. मात्र तिची हद्द प्रत्येक समाजानें निरनिराळ्या ठिकाणीं आंखली आहे.

हद्दीची ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे ऑस्ट्रेलियांत घडलेल्या दोन प्रसंगांचा उलगडा होतो. सन २००१ मध्यें 'सर्व्हायव्हर' ह्या अमेरिकन कार्यक्रमाची दुसरी मालिका दाखविण्यांत आली. तिचें चित्रण ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत झालें होतें. तींत स्पर्धकांना अन्न थोडें देत आणि उरलेलें त्यांनीं आपल्या शोधानें मिळवावें अशी अपेक्षा असे. एका स्पर्धकानें डुक्कर गांठून मारलें आणि त्याचें रक्त आपल्या तोंडाला फांसलें. 'पेटा' ह्या प्राणिहक्कवादी संस्थेनें त्याचा निषेध केला. वास्तविक डुक्कर हें ऑस्ट्रेलियाचें मूळचें जनावर नव्हे. युरोपीय लोकांनीं तें तेथें नेलें, तें रानांत माजलें, आणि तेथील शेतकरी त्याला उपद्रवी समजून मारतो. आक्षेप घेणाऱ्यांना केवळ मारणें टोंचलें नाहीं. मारण्याचें पडद्यावर जें कौतुक झालें तेंहि टोंचलें.

दुसरा प्रसंग सन २००९ चा. ब्रिटनमधील प्रसिद्ध लोकांना ऑस्ट्रेलियाच्या अरण्यांत नेऊन ठेवणारा 'आय ॲम अ सेलिब्रिटी' नांवाचा एक कार्यक्रम आहे. त्यांतील दोन स्पर्धकांनीं छावणींत एक उंदीर पकडून मारला, शिजविला आणि खाल्ला. ऑस्ट्रेलियांत, किंबहुना जगांत सर्वत्र, रोज असंख्य उंदीर मारले जातात आणि त्याबद्दल कोणी अश्रु गाळीत नाहीं. असें असतां न्यू साऊथ वेल्स प्रांतांतील प्राणिक्लेशनिवारक संस्थेनें हें प्रकरण न्यायालयांत नेलें. सन २०१० मध्यें आयटीव्ही ह्या ब्रिटिश संस्थेनें गुन्हा कबूल केला आणि तिला ३००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. त्या दोन स्पर्धकांवरील आरोप मागें घेण्यांत आले. हा निकाल ऐकून पुष्कळांना हंसूं आलें असेल. पण त्यांतील तत्त्व हंसण्यासारखें नाहीं. धान्य राखण्यासाठीं उंदीर मारणें ही एक गोष्ट, आणि चित्रयंत्रापुढें करमणुकीसाठीं त्याला मारणें ही दुसरी गोष्ट, असें त्या संस्थेचें म्हणणें होतें. प्राणी तोच, मृत्यूहि तोच. बदलला तो हेतु. आणि दंड झाला तो हातांत उंदीर धरणाऱ्या माणसांस नव्हे, तर ज्या संस्थेनें तो खेळ मांडला तिला. पुढें सन २०१९ पासून त्याच कार्यक्रमांत स्पर्धकांना जिवंत किडे खावयास लावण्याचा प्रकारहि बंद करण्यांत आला.

चित्रयंत्र आणि जनावर ह्यांचा हा वाद नवा नाहीं. सन १९३७ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटानें असा कायदा केला कीं, ज्या चित्रपटाच्या निर्मितींत जनावराला क्रूरपणें वेदना किंवा भय दिलें गेलें असेल तो दाखविण्यास मनाई असावी. अमेरिकेंत सन १९३९ च्या 'जेसी जेम्स' ह्या चित्रपटासाठीं एक घोडा उंच कड्यावरून पाण्यांत पाडण्यांत आला आणि तो मेला. त्यावर मोठा गवगवा झाला, आणि सन १९४० पासून हॉलिवुडमधील चित्रणावर 'अमेरिकन ह्यूमेन' ह्या संस्थेची देखरेख सुरू झाली. म्हणजे यंत्रासमोर उभें केलेलें जनावर हें शेतांतील किंवा रानांतील जनावरापेक्षां निराळ्या संकटांत असतें, ही जाणीव पाऊणशें वर्षांहून जुनी आहे. शेतांतील नांगरणी काम संपलें कीं थांबते. चित्रणांतील नांगरणी मनाजोगें चित्र मिळेपर्यंत किंवा शर्यत सुटेपर्यंत चालते. तेथें जनावराच्या थकव्याचें माप धरणारा धनी बाजूला उभा असतो आणि कासरा परक्याच्या हातीं असतो.

भारतहि ह्या शर्यतीच्या वाटेवर अनेकदां आलेला आहे. सन २००३ मध्यें दाखविलेल्या चौथ्या मालिकेंत स्पर्धक मुंबईस आले आणि तेथून केरळांत गेले. केरळांत त्यांना बैलजोडीच्या मागें चिखलांतून धांवावें लागलें. पीक निघाल्यावर शेतांत पाणी खेळवून अशा शर्यती लावण्याची तिकडे जुनी चाल होती. त्यानंतर ह्या विषयावर भारतांत जें घडलें तें बोधप्रद आहे. जनावरांच्या प्रयोगांसंबंधीं केंद्र सरकारनें सन २००१ मध्यें नियम केले होते. त्यान्वयें चित्रपटांत किंवा खेळांत जनावर आणण्यापूर्वी त्याची नोंदणी करणें भाग आहे. सन २०११ मध्यें सरकारनें बैलाचें नांव प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादींत घातलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूचा जल्लिकट्टू आणि बैलगाडीच्या शर्यती ह्या दोहोंना बंदी केली. त्यावर सन २०१७ मध्यें तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र ह्या राज्यांनीं आपापल्यापुरत्या कायद्यांत दुरुस्त्या केल्या. आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें त्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. एकाच देशांत, एकाच बैलाविषयीं, बारा वर्षांत असे तीन निरनिराळे निर्णय झाले. हा वाद कोणा परदेशी पाहुण्यानें लावून दिलेला नव्हता. बैलाला दैवत मानणारे लोक दोन्ही पक्षांत होते. एका पक्षाचें म्हणणें, शर्यत बंद झाली तर खिलार बैल पोसण्याचें कारणच उरणार नाहीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, ज्याला पूजावयाचें त्याच्या शेंपटीला पिळा घालणें शोभत नाहीं. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच निवाडा अवघड झाला.

असे प्रसंग पडद्यावर आले म्हणजे पाहणारांचे सामान्यतः दोन तट पडतात. एक तट म्हणतो, 'हे लोक किती निर्दय! जनावरांना कसें राबवितात पाहा!' दुसरा तट म्हणतो, 'ती त्यांची संस्कृति आहे. परक्यांनीं तींत बोलूं नये.' दोन्ही तट एकाच चुकीचे भागीदार आहेत, कारण दोघेहि समाजाचा न्याय करण्यांत गुंततात आणि जनावर तेथेंच चिखलांत उभें राहतें. पहिल्या तटाला स्वतःच्या देशांतील कत्तलखाने आणि कोंबड्यांचे कोंडवाडे दिसत नाहींत, कारण ते पडद्यावर येत नाहींत. दुसऱ्या तटाला हें उमगत नाहीं कीं, पडद्यावर जें दाखविलें तें त्या समाजाचें आचरणच नव्हे. फिलिपाइन्समधील कोणताहि शेतकरी अनोळखी, उतावीळ माणसाच्या हातीं कासरा देऊन आपलें काराबाओ शर्यतीला लावीत नाहीं. तें खेळाच्या योजकांनीं घडविलें. संस्कृतीचें नांव घेऊन ज्याचा बचाव होतो, तें पुष्कळदां संस्कृतीचें केवळ टरफल असतें. आंतलें नातें वाटेंतच गळून पडलेलें असतें.

तेव्हां निवाडा करावयाचा तर देशाचें नांव विचारण्यापेक्षां तीन प्रश्न विचारणें अधिक हिताचें होय. पहिला, हें काम कोणाच्या गरजेसाठीं चाललें आहे? पोटासाठीं, पिकासाठीं, कीं केवळ पाहणाऱ्याच्या करमणुकीसाठीं? दुसरा, कासरा कोणाच्या हातीं आहे? जनावराची बोली ज्याला कळते त्याच्या, कीं घटकाभरापूर्वी आलेल्या परक्याच्या? तिसरा, खेळ आटोपल्यावर जनावराची काळजी कोणाकडे? थकलेल्या जनावराला पाण्यावर नेणारा कोणी आहे, कीं सारे पुढच्या देशाचें विमान गांठावयास निघून गेले? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर देश कोणताहि असो, तेथें दयेला बाध येत नाहीं. तीं तशीं नसतील तर काम कितीहि परंपरागत असो, त्याला परंपरेचें पांघरूण पुरत नाहीं.

हे प्रश्न योजकांनाहि कठीण नाहींत. नांगरणीचें काम दाखवावयाचें असेल तर तें सकाळच्या थंड वेळीं ठेवतां येतें. कासरा मालकाच्या हातीं ठेवून स्पर्धकाला रोप लावणें, पेंढ्या वाहणें, बांध घालणें अशीं अंगमेहनतीचीं कामें देतां येतात. जनावर थांबलें कीं खेळ थांबेल असा नियम करतां येतो. त्यांत प्रवासाची गोडी कमी होत नाहीं. उलट, थांबलेल्या जनावरापाशीं मालकानें काय केलें, त्याला कोठें नेलें, कसें निववलें, हें पाहणाऱ्याला त्या देशाची जी ओळख पटेल ती शर्यतीच्या धांवपळींत कधींच पटणार नाहीं. परक्या देशांतून परत येतांना प्रवाशानें एवढें तरी शिकून यावें कीं, जनावर मोडत नसतें. त्याच्याशीं असलेलें माणसाचें नातें मात्र मोडूं शकतें, आणि तें सांभाळणें माणसाच्याच हातीं आहे.